मामाची अकरा मेंढरं

सोयाबीन निघालं की दिवाळीच्या सुमारास मामांचा कळप पुसेगावजवळच्या आमच्या रानात उतरायचा. आठ-दहा दिवस मेंढ्या रानात बसायच्या, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं. आम्ही त्यांना ज्वारी द्यायचो, विहिरीचं पाणी द्यायचो. मामा नात्यातले नव्हते. आईला भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला ती या मेंढपाळालाच ओवाळायची. बैलानं मारल्यामुळे वडील अंथरुणाला खिळले, त्या साली मामांनी पुढचा मुक्काम सोडून आमचा हरभरा पेरून दिला होता.

वडिलांमागे शेती माझ्याकडे आली. एका दिवाळीला मी सकाळी बांधावर तणनाशक मारलं. दुपारी मामांचा फोन आला, “आज येऊन राहिलो, भाच्या.” मी “या” म्हणालो. फवारल्याचं सांगितलं नाही. आल्यावर सांगू, असं म्हणत गावात चहाच्या टपरीवर बसून राहिलो. मी रानात परत येईस्तोवर मेंढ्या बांधावर शिरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा मेंढरं फुगून पडली होती. मामी एकेकीच्या तोंडाला हात लावत होती. मामांनी मला विचारलं, “काही मारलं व्हतं का रे?”

“न्हाई,” मी म्हणालो. “वाटेत कुठं तरी खाल्लं असंल.”

आई माझ्यामागेच उभी होती. औषधाचा रिकामा डबा तिनं गोठ्यात पाहिला होता. ती वळून घराकडे चालू लागली. मामांनी आमच्याच रानात खड्डा खणून मेंढ्या पुरल्या आणि दुपारच्या आत कळप हाकला. त्यानंतर आई माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

पुढच्या साली ते आले नाहीत. डोंगरकड्याकडे कुणाच्या तरी रानात उतरलेत असं कळलं, तसा मी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

“ठावं व्हतं,” मामा म्हणाले. “रातीतून गवत करपलं, ते मला दिसत न्हाई व्हय?”

“मग तवाच काहून बोलला न्हाई?”

“चूक झाली म्हणला असता तर आजबी तुझ्याच रानात असतो. बहिणीसमोर तुला खोटं पाडू का?”

मामीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. “बस” मात्र कुणी म्हणालं नाही. उभ्यानंच पाणी प्यालो आणि गाडीला किक मारली.