टेकडीची माती घेऊन बाबा ऑकलंडला आले

गेल्या शनिवारी बाबा पुण्याहून आमच्याकडे आले... एकटे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच परदेशात.

आई याआधी दोनदा येऊन गेली होती. बाबांकडे मात्र दर वेळी न येण्याचं काहीतरी कारण तयार असायचं. खरं कारण आईला आणि मला, दोघींनाही माहीत होतं... एकुलती एक मुलगी इतक्या लांब जाऊन राहिली, हे त्यांना कधी पटलंच नाही. शेवटी या वेळी आईच म्हणाली, "मी नाही येत, तुम्ही जाऊन या."

निघायच्या आधी आठवडाभर मी फोनवर सूचनांचा भडिमार केला. इकडे जुलै म्हणजे हिवाळा, थर्मल्स आणा, घरं आतूनही गार असतात. सिंगापूरला गेट बदलतं, बोर्डावर पुन्हा बघा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं... बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून इथे एअरपोर्टवर कडक तपासणी असते, तेव्हा विमानात दिलेलं सफरचंदसुद्धा बॅगेत विसरू नका. मेतकूट, गोडा मसाला, लाडू, जे असेल ते आपणहून दाखवा. दाखवलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड!

"मी कारखान्यात फोरमन होतो, मला शिकवू नकोस," इति बाबा.

शनिवारी दुपारी मी, नवरा आणि आमची इरा एअरपोर्टवर हजर. फ्लाइट वेळेवर आली. सिंगापूरहून आलेले लोक एकेक करून बाहेर पडले, गळाभेटी झाल्या, गर्दी पांगली... बाबांचा पत्ता नाही. फोन बंद.

"मम्मा, इज आजोबा लॉस्ट?" इराने विचारलं. मी "नाही गं" म्हटलं खरं, पण पुन्हा बाबांचा फोन लावून पाहिला. आत कोणी त्यांच्यावर आवाज चढवला असेल का? बाबांचा स्वभाव मला माहीत आहे. एकदा अपमान झाला की ते त्या दारात पुन्हा पाऊल ठेवत नाहीत.

अखेर दार उघडलं आणि ट्रॉली ढकलत बाबा आले. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय झालं बाबा?"

"बुटांनी घोळ घातला."

तर झालं असं... मसाले, लाडू सगळं बघून झाल्यावर तिथल्या तरुण ऑफिसरने विचारलं, माती लागलेलं काही आहे का? बाबा रोज तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातात. तिथे वापरायचे, मातीने भरलेले बूट त्यांनी इथे चालायला म्हणून बॅगेच्या तळाशी ठेवले होते. नाही म्हणून मोकळे झाले असते, पण त्यांनी स्वतःच बूट काढून पुढे केले. तो मुलगा ते घेऊन आत गेला.

"मला वाटलं, गेले बूट," बाबा म्हणाले. "तर धुऊन, पुसून आणून दिले गं! मी म्हटलं होतं, मी धुतो, तर म्हणे, नो वरीज सर. वर मलाच थँक यू म्हणाला."

"थँक यू कशाबद्दल?"

"खरं सांगितल्याबद्दल."

घरात बाबांनी त्यांच्या बुटांना कधी कोणाला हात लावू दिला नाही. आईलासुद्धा नाही, मलाही नाही. आपलं पायताण दुसऱ्याने का उचलायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि इथे एका परक्या मुलाने ते उचलून धुतले होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? नमस्कार केला त्याला. तर त्यानेही हात जोडले."

 मोटरवेवर इरा त्यांना इंग्लिशमध्ये मेंढ्या दाखवत होती, ते मराठीत "हो का?" म्हणत होते. आमच्या फ्लॅट बुश भागाच्या एक्झिटला गाडी वळली तेव्हा खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले, "चांगल्या माणसांत राहतेस."

एवढंच. 

तुमच्यापैकी ज्यांचे आईबाबा इकडे यायचेत, त्यांनी आईबाबांना एवढं नक्की सांगावं... विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, घाबरू नका. आणि त्या ऑफिसरचं नाव मला माहीत नाही, पण इतक्या वर्षांत जे मला बाबांना पटवून देता आलं नाही, ते त्याने एका दुपारी करून टाकलं. त्याचं भलं होवो!