आईने लाटलेली बॅट

माझ्या हातून दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा कधीही बिघडत नाही. कारण नंतर ती कोणी वापरतच नाही.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला आलो आणि सोसायटीत क्लब हाउस का काय म्हणतात ते मिळालं. तिथल्या टेबल टेनिसच्या स्पर्धेत माझी बायको शुभांगी लागोपाठ दोन वर्षं फायनलला हरली होती. दोन्ही वेळा बी विंगच्या शाहबेनकडून! यंदाही फायनल त्यांच्याशीच, रविवारी संध्याकाळी सहाला. महिनाभर शुभांगी बँकेतून आली की चहासुद्धा न घेता प्रॅक्टिसला पळत होती. आणि नेमकं रविवारी सकाळी बॅटचं लाल रबर एका कडेला सुटलेलं दिसलं.

"बोरिवलीला जाऊन बदलून आणते," ती म्हणाली.

"एवढ्याशा कामाला बोरिवली? मी आहे ना!"

"म्हणूनच जातेय."

पण तिने फोन केला तर दुकान रविवारचं बंद! तिला भाचीच्या केळवणाला भाईंदरला जायचं होतं. "फक्त कड चिकटवा हं. बाकी कशालाही हात लावू नका," असं तीनदा बजावून ती गेली.

मी जवळच्याच हाटकेश भागातल्या सायकलवाल्याकडे पंक्चरचं सोल्युशन मागितलं.

"कौन सा टायर है?"

"टायर नहीं, बॅट है."

त्याने मला खालून वर पाहिलं आणि ट्यूब दिली.

कडेखाली धूळ होती. पुसायला म्हणून रबर जरा ओढलं, तर अख्खं हातात आलं! मग एक बाजू नव्याने चिकटवलेली, एक जुनीच, हे बरं दिसणार नाही म्हणून मागचं काळं रबरही काढलं. (ते ठणठणीत होतं.) दोन्ही बाजूंना सोल्युशन फासलं, रबरं ठेवली आणि आत हवा राहू नये म्हणून लाटणं फिरवायला घेतलं.

स्वयंपाकघरातून आई आली. "अरे मेल्या, माझं लाटणं!" मग जरा वेळ बघत राहिली. "आणि असं लाटतात होय? नकाशा होईल त्याचा. सरक!"

आईच्या पोळीला आमच्या अख्ख्या खानदानात तोड नाही. तिने पदर खोचला.

"थोडी पिठी लावू का रे?"

"आई, चिकटवायचंय!"

"बरं बरं."

अशी लाटली, अशी लाटली, की दोन्ही रबरं बॅटीच्या चारी बाजूंनी बोटभर बाहेर आली. "बघ, वाढलं की नाही?" आई म्हणाली. वाढलेलं मी कात्रीने सुबक कापून टाकलं आणि बॅट तांदळाच्या डब्याखाली दाबून दोघंही निवांत झोपलो.

चार वाजता डबा उचलला. रबरच ते! ताणलेलं सगळं आक्रसून आपल्या जागी परत गेलं होतं. मधोमध एक लाल पुरी, भोवती नुसतं लाकूड. उलटून पाहिलं, तर काळी पुरी.

"ही करपलेली दिसतेय," आई म्हणाली.

पाच वाजता शुभांगी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळेच भरून आले. "महिनाभर मरमर केली हो मी," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे गं," आई म्हणाली, "फार पातळ लाटलं मी."

क्लब हाउसमध्ये शाहबेननी ती बॅट पाहिली आणि कपाळावर हात मारला. "हाय हाय! ये क्या हुआ? रुक, मेरे भाई ने सिंगापूर से नई भेजी है. तू ले. मुझे तो पुरानी ही जमती है."

त्या सिंगापुरी बॅटने शुभांगीने तीन-दोनने फायनल मारली! शाहबेननीच तिला आधी मिठी मारली. मी तर शिट्टीच वाजवली.

बक्षीस देताना सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला."

शुभांगीने माईक घेतला. "सगळं श्रेय आमच्या ह्यांना. ह्यांनी बॅट दुरुस्त केली, म्हणून मला आज चांगली बॅट मिळाली."

टाळ्या पडल्या. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. खाली बसल्यावर लक्षात आलं, लोक हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या कांबळे वहिनी दारात. हातात मिक्सर.

"भावजी, मला नवा मिक्सर हवाय. हा जरा दुरुस्त करून देता?"