व्हय म्हणायची जागा

"ऐकताय ना?" असं विचारून मामा माइकसमोर गप्प बसत. मान तिरकी, कान पुढं, पलीकडून खरंच उत्तर येणार असल्यासारखे. काचेच्या या बाजूला आमचा जीव खालीवर व्हायचा. रेडिओवर शांतता म्हणजे अपराधच. साहेब काचेवर टकटक करायचे, तर मामा हात वर करून त्यांनाच थांबवत आणि मग सावकाश पुढचं वाक्य घेत.

आमच्या रेडिओ केंद्रात सगळेच त्यांना मामा म्हणत. गाव कन्नड तालुक्यातलं. शेतकऱ्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम त्यांचा. दुष्काळाच्या वर्षांत चारा छावणी कुठं सुरू झाली, टँकर कोणत्या गावाला निघाला, हे ते घरातलं माणूस सांगावं तसं सांगत. शहर चहूकडं पसरत होतं, आमच्या नव्या कॉलनीतही पाण्याची बोंब होती. मामांच्या बोलीला मात्र शहर कधी लागलं नाही. गुलमंडीच्या बाजारात कापड घ्यायला गेले की दुकानदार आवाजावरून ओळखायचा आणि कापड राहायचं बाजूला, पावसावरच गप्पा रंगायच्या.

मामा निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी वरून आदेश आला, जुने कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून द्यायचे. काम माझ्याकडे आलं. रिकाम्या जागा कापा, ऐकणारा कंटाळतो, अशी सूचनाही सोबत होती. पहिला भाग तयार करून मी कौतुकानं मामांना बोलावलं. हेडफोन लावून ते खुशीत ऐकत होते, आणि एकदम चेहरा पडला.

"ताई, मधली जागा कुठं गेली?"

"काढली, मामा. तिथं कुणी बोलतच नव्हतं."

"बोलत व्हती की. तुमची मामी."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्या वर्षांत मामा इथं खोली घेऊन एकटे राहत आणि मामी गावी जनावरांपाशी. महिना महिना भेट नाही, घरी फोन नाही. संध्याकाळी त्या गोठ्यात रेडिओ लावायच्या आणि मामांच्या "ऐकताय ना?"ला मोठ्यानं उत्तर द्यायच्या.

"गाय आटली, लई दिस झाले, या आता... समदं तेवढ्यात सांगायची. मला कुठं ऐकू यायचं? पर तिला बोलायला जागा तर पायजे ना?"

मी सगळ्या जागा होत्या तशा परत घातल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

पुढं मामा वारले, तेव्हा मी मामींना भेटायला गेले, निवृत्तीनंतर दोघं राहत होते त्या सिडकोतल्या घरी. त्या खाली बसून मेथी निवडत होत्या. शेजारी ठेवलेल्या मोबाइलमधून मामा टँकरची बातमी सांगत होते.

"ऐकताय ना?" आवाज थांबला.

मामींनी हातातली जुडी खाली ठेवली. "ऐकू राह्यले. बोला तुम्ही."

आणि मामा पुढं बोलू लागले.