एक ‘म्हणे’ कमी

रत्नागिरीत समुद्राला न भिणारी माणसं घरोघर सापडतील, पण रविवारच्या पेपराच्या चौथ्या पानाला न भिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या पानावर आमच्या काकांचं सदर असतं. काका संगणकाला हात लावत नाहीत, म्हणून दर गुरुवारी हिरव्या शाईतले त्यांचे कागद माझ्या टायपिंगच्या दुकानात येतात आणि मीच ते टाइप करून पेपराला पाठवते. त्यामुळे शुक्रवारी निम्म्या गावाला झेरॉक्स काढायची असते. आधार कार्डाची एक प्रत घेतात आणि हळूच विचारतात, ‘या खेपेला कोणाचा नंबर, वहिनी?’ काका लग्नाला गेले की पंगत गप्प होते आणि नको म्हटलं तरी पानात दोन जिलब्या जास्त पडतात. एक कंत्राटदार तर काकांना येताना पाहून स्वतःच्याच नव्या रस्त्यातल्या खड्ड्यावर पाय ठेवून उभा राहिला होता, ते वळणापलीकडे जाईपर्यंत.

तरी काकांवर खटला कधी झाला नाही, कारण ‘म्हणे’. ‘पुलाच्या सिमेंटात वाळूच जास्त आहे म्हणे.’ ‘साहेबांच्या बागेला नळाचं पाणी जातं म्हणे.’ वाक्य काकांचं, जबाबदारी गावाची. ‘बाय, एक वेळ काना सुटला तरी चालेल, ‘म्हणे’ सुटता कामा नये,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी खाडीवर लिहिलं. वरच्या अंगाचा एक कारखाना घाण पाणी सोडतो आणि मासे मरतात, असा मजकूर. पानभरात एकही ‘म्हणे’ नव्हतं. मी दोनदा शोधलं. त्याच सकाळी दोन अनोळखी माणसं दुकानात येऊन, काही काम नसताना, ‘काका घरी एकटेच असतात ना?’ असं हसत विचारून गेली होती. ‘मासे मरतात’च्या पुढे मी ‘म्हणे’ टाइप केलं आणि पाठवून दिलं.

सोमवारी काका दुकानात बसलेले असताना खाडीवरची एक मासेवाली आली. तिने टोपली माझ्या काउंटरवरच आदळली.

‘काका, चिखलात उतरून मेलेली बोयटं तुमी सोताच्या हातान उचललात ना? मग आमचे मासे मेले म्हणे? तक्रार घेऊन गेलो तर हापिसातले सायब हसतात आमाला!’

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तिला म्हणाले, ‘चुकलं गो. सवयीने पडलं माझ्या हातून.’

ती गेल्यावर मी त्या दोन माणसांचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि तिथेच बसून तोच मजकूर पुन्हा लिहून काढला. मी तो होता तसा टाइप केला. पाठवण्याआधी मात्र दाराकडे पाहिलं.

‘भीती वाटते, बाय?’

‘हो.’

काका कागदाची घडी घालत होते. ती काही केल्या सरळ पडेना.

‘मलाही वाटते म्हणे,’ ते म्हणाले.

बोलताना त्यांच्या वाक्याला हा शब्द लागलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी बटण दाबलं.