बावडीचे पाणी

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत, बावडीचे पाणी पिणारे आणि बिचारे, असे आमच्या तळमजल्यावरच्या अंकलचे ठाम मत आहे. ठाण्यात खाडीच्या अंगाला आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या भाताच्या शेतावर. बिल्डरला जमीन देताना त्यांनी फ्लॅट किती मिळणार हे विचारलेच नाही म्हणतात. कोपऱ्यातली विहीर, म्हणजे त्यांची बावडी, बुजवायची नाही एवढेच वदवून घेतले.

रोज सकाळी, चर्चची घंटा होण्याआधी, ते एक बादली शेंदीत. "पानी काडलं नाय तं बावडी रुसते," असे त्यांचे म्हणणे. दारी येणाऱ्या प्रत्येकापुढे, मग तो कुरियरवाला असो की मतदार यादी तपासणारा, पेला येई आणि पाठोपाठ प्रश्न, "कसं लागलं?" नुसते 'छान' चालत नसे. पाणी शुद्ध करायचे यंत्र विकायला आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी इतके पाजले की तो यंत्र दाखवायचे विसरून आपलीच बाटली भरून घेऊन गेला. विहिरीतल्या कासवाला ते सोसायटीचे सर्वांत जुने रहिवासी मानत आणि वार्षिक सभेत त्याच्या वतीने दुसरा हात वर करीत. मी सेक्रेटरी, तो हात मोजावा की नाही, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

मग गाड्या वाढल्या. बावडीवर स्लॅब टाकून पार्किंग करावे, असा विषय सभेत आला. अंकल उठले.

"माजी नात कॅनडासून येतेय लगनाला. आदल्या दिशी आमच्या बाया वाजतगाजत बावडीवर जातान. त्या पान्यानं नवरीला न्हावू घालतान. उंबराचं पानी म्हन्तान त्याला. आता काय, बाटलीच्या पान्यानं न्हानू पोरीला?"

सभा हसली. स्लॅब लग्नापर्यंत पुढे ढकलला गेला.

त्यानंतर मुलाने त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कॅनडाला नेले. नाताळानंतर नातीला घेऊनच ते परततील. जाताना बादलीचा दोर त्यांनी माझ्या हाती दिला. "तू हलू बोलनारा मानूस. बावडीला कालवा आवडत नाय."

तेव्हापासून रोज सकाळी मी पाणी शेंदू लागलो, पेलाभर पिऊ लागलो. शेजारच्या नव्या टॉवरने बोअर मारल्या आणि या पाण्यात हळूहळू खाडी उतरू लागली. पहिल्यांदा मला वाटले, माझीच जीभ बिघडली असावी. तशी माझी स्वतःवर शंका घ्यायची सवय जुनी आहे.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. गेल्या रविवारीही आला.

"कसं लागलं?"

मी क्षणभर थांबलो. म्हटले, "गोड आहे, अंकल."



"गोड बोलायला एवडा येल लागत नाय रं बाबा," ते म्हणाले. "मचूळ झालंय ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काडीत रव तू. काडलं का गोडं पानी येतं मागून."

तसे येते की नाही, मला ठाऊक नाही. मी आता रोज दोन बादल्या जास्त शेंदतो आणि पारिजातकाला घालतो. कासव वर येऊन माझ्याकडे पाहते. पेला मी कठड्यावर पालथा ठेवला आहे. चव नातीचे लग्न लागेपर्यंत घ्यायची नाही, असे ठरवले आहे.