विनोदिनीच्या हातची रोपं

पार्स्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी माळावर, तवशाचं रोप कुणी स्वतःच्या हातानं करत नाही, तशी रीतच नाही. मिरगाच्या आधी पंधरा दिवस वाड्यातल्या आठही घरांतून नारळाच्या करवंट्या विनोदिनीच्या अंगणात येऊन पडतात. ती त्यांत माती आणि शेणखत भरते, बी टोचते आणि दोन पानं वर आली की घरोघर रोपं पोचती करते. मग ती सड्यावरच्या वाफ्यांत लागतात आणि चवथीच्या सुमाराला हातभर लांब गावठी काकड्या धरतात. गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधायची तर तीत तवसं हवंच, आणि पेडण्याच्या बाजारात पार्स्याचं तवसं म्हटलं की गिऱ्हाईक दाबून बघत बसत नाही, सरळ पिशवीत टाकतं.

रोपं विनोदिनीचीच का, तर तिला हातगुण. तिच्या सासूला होता, सासूनं तो हिला दिला म्हणे. असा देता येतो का तो, ते देव जाणे. पण तिचा नवरा कृष्णनाथ गेला त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून ह्याच वाड्यानं तिला एकेका कार्यातून अलगद बाजूला काढलं. ओटी भरायला ती नको, नवरीला हळद लावायला ती नको, बारशाला पाळण्याच्या दोरीला तिचा हात नको. तोंडावर कुणी बोललं नाही हो, सगळे सज्जन लोक! फक्त बोलावणं यायचं बंद झालं. तवशाचं रोप तेवढं तिच्या हातचं चालत राहिलं. वर्षातून एकदा ती ठेवणीतली साडी नेसून आठ घरांच्या दारांत उजळ माथ्यानं जायची, आणि बाया "ये गो काकी, बस" म्हणून पाट मांडायच्या. उरलेलं वर्ष ती त्या एका फेरीवर काढायची.

गेल्या वर्षी चवथ झाल्यावर तिच्याच वाफ्याचा एक कोपरा बसला. पानं दुपारी मान टाकायची, संध्याकाळी सावरायची, तिसऱ्या दिवशी सावरलीच नाहीत. तिनं एक वेल उपटला. उपटला कसला, नुसता हातात आला. खाली मूळ असं राहिलंच नव्हतं, तपकिरी, लिबलिबीत सालं बोटांना चिकटली आणि कुजक्या पाण्याचा वास आला. हे काहीतरी वाईट आहे हे तिला कळलं. न कळायला ती काय काल आलेली? पण हातगुणवालीच्या वाफ्यातच वेल मेले, असं चारचौघांत झालं असतं तर? तिनं सगळे वेल गोळा करून घरामागच्या शेणाच्या खड्ड्यात टाकले आणि वर वाळका पातेरा लोटला.

यंदा करवंट्यांत भरलेलं खत त्याच खड्ड्यातलं. भरताना तिचा हात एकदा थांबला होता. एवढ्या महिन्यांत कुजून त्याची मातीच झाली असणार, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पुढची करवंटी ओढली.

त्या आठ घरांखेरीज सड्यावर आणखी एक वाफा होता, भैरूचा. भैरू बेळगावकडचा. तुयेच्या एका कारखान्यात कामाला आला, आणि बायको चंद्रभागा आणि मुलगी दीपा यांना घेऊन बाबलीच्या मागच्या खोलीत राहिला. बाबली म्हणजे वाड्यातला कर्ता माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं भैरूला सड्याची एक पट्टी कसायला दिली. कुठली दिली? सगळ्यांत खालची. वरच्या सगळ्या वाफ्यांचं पाणी वाहून जिथं तुंबतं, जी वाड्यातल्या कुणाला नको होती, ती. चंद्रभागेनं तिथं भेंडी काढली, चिटकीच्या शेंगा काढल्या, आणि यंदा विनोदिनीनं तिलाही पंचवीस रोपं नेऊन दिली. चंद्रभागेनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि काकीला वाकून नमस्कार केला.

जुलैच्या मध्यावर पहिली मान टाकली ती भैरूच्या वेलांनी. साहजिकच होतं, पाय पाण्यात असलेला वेल आधी मरणार. भैरू बिचारा घाबरला, गावाहून चुना आणून मुळांत टाकला. तो पांढरा चुना साऱ्या वाड्यानं बघितला. पुढच्या आठवड्यात बाबलीचा वाफा बसला, मग शेजारच्या ताराचा, मग रांगेनं सगळेच. कळी धरलेले वेल दुपारी उन्हात नुसते लोंबायचे. बाया बांधावर बसून रडल्या. चवथ महिन्यावर आली होती.

कृषी खात्यातून समीक्षा नावाची मुलगी आली. चिखलात बसून तिनं एक वेल काढला, देठ सुरीनं उभा चिरला आणि आतली तपकिरी रेघ सगळ्यांना दाखवली.

"ही मातीतली बुरशी. मूळ खाते. पानांवर काय मारलं तरी उपयोग नाही. हे वेल काढून जाळा, पाण्याला वाट करून द्या, आणि इथं तीन वर्षं काकडी नको." मग तिनं वर बघून विचारलं, "सगळीकडे एकदम आली म्हणजे कशातून तरी आली. रोपं कुठली?"

विनोदिनी तिच्यापासून चार पावलांवर उभी होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. चिरलेला देठ समोर होता, जाणती मुलगी समोर होती, एक वाक्य पुरलं असतं.

"रोपां घरची, हातगुणाची," बाबली म्हणाला. "त्यात काय बघूचा नाय. पयला कोणाचा मेला, ता बघा. ह्या भायल्या माणसान कसली ती पावडर हाडून घातली, ता बघा."

"चुन्यानं असं होत नाही," समीक्षा म्हणाली. पण तिचं पुढचं कुणी ऐकलं नाही. सगळ्यांच्या माना भैरूकडे वळल्या होत्या, आणि विनोदिनी आपल्या पायांकडे बघत होती.

आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत भैरूला नळावर पाणी भरू देईनात. दीपाशी शाळेत पोरी बोलेनात. मग बाबलीनं सांगून टाकलं, पट्टी सोड आणि चवथीआधी खोलीही रिकामी कर. हे कानावर आलं आणि विनोदिनीनं समोरचं ताट सारलं. स्वतःलाच शिव्या घालत ती उठली आणि भर दुपारी बाबलीच्या सोप्यावर जाऊन उभी राहिली. तिथं बाबली होता, तारा होती, आणखी दोघं-तिघं होते.

"भैरूक काढू नको," ती म्हणाली. "रोग माझ्या रोपांतसून इलो. गेल्या वर्षी माझे वेल मेले, ते मी खड्ड्यात घातलंय, आणि त्याच खड्ड्यातला खत तुमका दिलंय."

मग ताराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, काकीचा मन कसा! परक्याचा पाप आपल्या अंगार घेता."

"अगो, खरा सांगतंय मी!"

"खरा?" बाबलीनं पान बाजूला ठेवलं. "मगे त्या बाईसमोर कित्याक नाय बोललंस? थंय तर तू उबी होतंस."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि बाबलीला तेवढंच पुरे झालं.

"काकी, घरा जा," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुझो हात खोटो म्हटलो तर आठ घरांनी फुडल्या वर्षी जायचा खंय? असला भलता परत बोलू नको." आणि ताराला त्यानं काकीसाठी चहा टाकायला सांगितलं. मेल्यांनो, एवढा मान नऊ वर्षांपूर्वी दिला असतात तर! चहा न घेताच ती उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीपुढं पिकअप लागली होती. भैरू पत्र्याची पेटी चढवत होता, दीपा पुस्तकांचं गाठोडं घेऊन आधीच पुढं बसली होती. चंद्रभागा चुलीपाशी उरलीसुरली भांडी बांधत होती. विनोदिनी दारात आली आणि चौकटीला धरून रडत रडत सगळं बोलली. खड्डा, खत, समीक्षेसमोर गिळलेला शब्द, काही म्हणून ठेवलं नाही.

चंद्रभागेनं गाठ मारली, ती घट्ट बसली की नाही ते ओढून बघितलं.

"म्हाईत हाय मला, काकी. गेल्या साली तुमी वेल खड्ड्यात टाकत हुतासा, तवा मी मागनं सरपणाला चालल्ते. आमच्याकडं असलं वेल जाळत्यात."

विनोदिनीचं रडं जागच्या जागी थांबलं.

"तुका ठाऊक होता? मगे माझी रोपां घेतलंस कित्याक? फेकून देवची होती गो!"

"तुमच्या हातचं फेकलं असतं, तर आमास्नी त्याच दिवशी हितनं काढलं असतं की." चंद्रभागेनं बोचकं उचलून कमरेवर घेतलं. दारापाशी येऊन ती थांबली. "आणि काकी, तुमी नव्या साडीत किती आनंदानं आलतासा त्या दिवशी. साऱ्या वाड्यात आमच्या दाराला आलेलं तुमी एकच माणूस. तुमास्नी नको कुठल्या तोंडानं म्हणू?"