रेघ वर गेली पाहिजे

तीस वर्षं मी अंगणवाडीत लेकरांची वजनं केली. लेकराला झोळीत बसवायचं, काट्याला लटकवायचं, ते रडून आकांत करणार, मग त्याच्या आईला दम भरायचा आणि कार्डावर टिंब द्यायचं. टिंबं जोडली की रेघ होते. रेघ लाल पट्ट्यात असली की माझी झोप उडायची. पिवळ्यात असली की मी त्या घरी जाऊन ठाण मांडायची. हिरव्यात गेली की मग चहा गोड लागायचा. रेघ वर गेली पाहिजे, बस! दुसरं काही मला कुणी शिकवलं नाही.

मी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी आमचे हे गेले. मुलगी पुण्याला नोकरीला. धामणगाव बढे गावातल्या घरात मी एकटी. परातीत पीठ घेताना हात मात्र दोघांपुरतंच घ्यायचा. उरलेली भाकर रोज शेजारणीच्या म्हशीला. म्हैस खायची, पण म्हशीशी बोलणार काय, कप्पाळ!

दर रविवारी संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. मी विचारायची, "जेवली का? काय केलं होतं? पोळी खाल्ली का नुसता भातच?" एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, तुले दुसरं काही विचारताच येत नाही का वं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तिचे फोन आले, पण लहान लहान होत गेले.

कुत्र्याचं पिल्लू मला एसटी स्टँडवर सापडलं. कोणी मोठ्या हौसेनं आणलं असेल, अंगाला खरूज झाली तशी गाडीतून उतरवून दिलं. हॉटेलच्या भट्टीमागं पडलेलं होतं. पंजे वाटीएवढे, कान लोंबते, आणि बरगड्या लांबूनच मोजून घ्याव्यात अशा. मी मनात म्हटलं, लाल पट्टा. पदरात गुंडाळलं आणि घरी आणलं.

गुरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सुई टोचली, खरजेचं औषध दिलं. म्हणाला, "ताई, याच्यात ग्रेट डेनचं रक्त दिसते. मोठं धूड होईन हे. खाऊ घाला, पण बेतानं."

खाऊ घाला, एवढंच मी ऐकलं.

सकाळी दूध-भाकर. दुपारी दोन अंडी. संध्याकाळी वरण-भात, वर तूप. निजताना पुन्हा भाकर. शेजारणीनं म्हशीच्या कॅल्शियमची बाटली आणून दिली, "हाडं मजबूत होतात बाई, घाला," म्हणाली. घातलं. घरात कापूस तोलायचा काटा होता, तो पडवीच्या वाशाला टांगला. झोळी केली ह्यांच्या जुन्या लुंगीची. दर सोमवारी वजन. पुठ्ठ्यावर मी लाल, पिवळा, हिरवा पट्टा स्वतः रंगवला. ही रंगरंगोटी कोणी बघितली असती तर म्हातारी येडी झाली म्हटलं असतं. म्हणा! आठवड्याला तीन-तीन किलो वाढायचं ते पोरगं. रेघ अशी चढली की तीस वर्षांत एकाही लेकराची चढली नव्हती. नाव काही ठेवलं नव्हतं, "ये रे" म्हटलं की यायचं.

मग त्याचे पुढचे पाय फाकायला लागले. मनगटापाशी बाहेर वळलेले, कुणीतरी मुरगाळून ठेवल्यासारखे. शेजारीण म्हणाली, "याचे पाय काऊन वाकडे होऊन राह्यले वं बाई?" मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यात वाकडेपणा आहे." अशक्तपणा असेल म्हणून कॅल्शियम दुप्पट केलं. दुप्पट! माझ्या अकलेचं दिवाळं.

एका सोमवारी त्याला लुंगीत उचललं तर ते किंचाळलं. खाली ठेवलं तर उठेना. मी ऑटो बोलावला, मांडीवर घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरनं विचारलं काय काय देता, तर मी सगळं सांगितलं. ठसक्यात सांगितलं, खोटं कशाला बोलू. वर पुठ्ठाही दाखवला.

त्यानं पुठ्ठ्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ताई, रेघ लय सुंदर काढली तुम्ही. पण मोठ्या जातीच्या पिल्लाची रेघ अशी पळवायची नसते. वजन पुढं गेलं, हाडं मागं राहिली. अन् हे म्हशीचं कॅल्शियम आजच बंद करा. असंच चाललं तर जन्माचं लंगडं होईन."

"मंग काय उपाशी मारू त्याले?"

"उपाशी काऊन? बुलढाण्याहून मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं आणा. पिशवीवर माप लिहिलेलं असते. ते तीन वेळात वाटून द्या. वरून काही नाही. हात फिरवला की बरगडी हाताले लागली पाहिजे."

बरगडी हाताला लागली पाहिजे! तीस वर्षं ज्या बरगड्यांच्या मागं उन्हातान्हात गावभर फिरले, त्या मला आता राखायच्या होत्या.

पुढचे दिवस काही सांगू नका. वाटी दोन मिनिटांत चाटूनपुसून साफ. मग ती रिकामी वाटी नाकानं ढकलत अंगणभर फिरायचं, माझ्या पायाशी आणून थांबायचं आणि वर बघायचं. मी आत जाऊन दार लावून घ्यायची आणि रडायची. त्याच्या भुकेनं जीव तुटायचा हे खरं, पण मला भीती दुसरीच होती. हे माझ्याजवळ राहिलं होतं ते खाण्यासाठी. आता खाणंच आखडलं, तर फाटकातून निघून जाईल आणि पुन्हा मी आणि ती म्हैस. मला कुणाला तरी वाढायचं होतं. वाढण्यावाचून कुणाला जवळ कसं ठेवतात, हे मला येतच नव्हतं.

तरी मापाबाहेर एक दाणा दिला नाही. पीठही एकटीपुरतं घ्यायला लागले. पहिल्या दिवशी परातीत ते मूठभर पीठ बघून हात पुन्हा डब्यात गेला, तो मी मागं ओढला.

दोन महिन्यांनी डॉक्टरनं त्याचे पाय दाबून पाहिले. उजवा सरळ झाला होता. डावा किंचित वाकडा राहील म्हणाला, पण पळेल. तो डावा पाय माझ्या हातचा आहे, रोज दिसतो.

त्या रविवारी संध्याकाळी मी पायरीवर बसले होते. त्याचं खाणं कधीच होऊन गेलेलं. फाटक मी लावायचं विसरले होते, सताड उघडं. ते उठलं, फाटकापर्यंत गेलं, रस्त्याकडे पाहत उभं राहिलं. मी हाक मारली नाही. माझे हात रिकामे होते, कोणत्या तोंडानं मारणार? थोड्या वेळानं ते वळलं, डावा पाय टाकत टाकत आलं आणि माझ्या पावलावर डोकं ठेवून पसरलं. हात हुंगलासुद्धा नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा. "जेवली का" अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "कशी आहेस तू?"

मग घाबरून ती म्हणाली, "आई, काय झालं वं? तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मी बरी आहे बाप्पा," मी म्हटलं. "तू सांग."

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला. चालू होता. मग ती हळूच म्हणाली, "आई, बरी नाही मी," आणि सांगायला लागली. माझा पाय बधिर झाला होता, पण मी तो हलवला नाही.